जुन्या जॅग्वारचे प्लग

इंग्लंडांतील जॅग्वार कंपनीनें 1968 सालीं एक्स-जे 6 ही मोटार बाजारांत आणली. तिच्या 4.2 लिटरच्या इंजिनांत सिलिंडर सहा आणि स्पार्क प्लगही सहाच. मोटारीच्या मानानें प्लग ही क्षुल्लक वस्तु. परंतु तो भलताच बसविला, तर लाखमोलाच्या इंजिनाची माती होते.

निवड करतांना प्रथम आटे पाहावे. या इंजिनास 14 मिलिमीटर व्यासाचा व 19 मिलिमीटर लांब आट्यांचा प्लग लागतो. आटे आंखूड असल्यास ठिणगी भोंकांत दडते; फाजील लांब असल्यास प्लगचें टोंक पिस्टनवर आदळण्याची भीति असते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. टोंक सुमारें 500 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें नाहीं, तर काजळी जळून जात नाहीं. 800 अंशांच्या फार वर गेलें, तर तेंच ठिणगीच्या आधीं पेट्रोलचें मिश्रण पेटवितें आणि पिस्टनला भोंक पडण्यापर्यंत मजल जाते. क्रमांक वाचतांनाही सावध असावें. एनजीकेचा आंकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. चँपियन व बॉश यांची रीत नेमकी उलट.

तिसरी गोष्ट गॅपची. पॉइंट असलेल्या जुन्या एक्स-जे 6 मध्यें ती 0.025 इंच ठेवतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीस अधिक गॅप चालते; म्हणून त्या त्या सालचें पुस्तक पाहणें इष्ट. नवा प्लगही फीलर गेजनें मोजावा, आणि गॅप कमीअधिक करतांना फक्त बाहेरची पट्टी वांकवावी. मधल्या दांडीवर जोर दिल्यास चिनी मातीला तडा जातो.

या इंजिनाचें हेड ॲल्युमिनियमचें असल्यामुळें प्लग इंजिन थंड असतांनाच काढावे. तत्पूर्वीं भोंवतालची धूळ फुंकून टाकावी. नवा प्लग आधीं हातानें फिरवून बसवावा आणि पाना शेवटीं लावावा. आटे एकदां गेले, कीं काम वर्कशॉपांत जातें. तारांवर खुणा कराव्या, कारण या इंजिनांत पहिला सिलिंडर पुढें नसून अगदीं मागें आहे.

काढलेले प्लग मात्र लगेच फेंकूं नयेत. फिकट तपकिरी टोंक इंजिनाचें आरोग्य सांगतें. कोरडी काजळी पेट्रोल अधिक जात असल्याचें, ओलें तेल पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजल्याचें, तर पांढरें, फोड आलेलें टोंक अतिउष्णतेचें. सहांपैकीं एकच प्लग निराळा दिसला, तर दोष त्याच सिलिंडरांत शोधावा.