मोडलेल्या इमारतीचे तुकडे

मंडळी, जुना वाडा पाडला की आपण काय करतो? चांगलं लाकूड ठेवतो. बाकीचं चुलीत जातं. आज आम्ही तुम्हांला दूरदेशीच्या एका इमारतीची हकीगत सांगणार आहोत.

अमेरिकेत शिकागो नावाचे शहर आहे. तिथं १८९४ साली शेअर बाजाराची तेरा मजली इमारत उभी राहिली. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला लहानसा वाटा. असे वाटे विकण्या-घेण्यासाठी आत एक मोठे दालन होते. ते दोन मजले उंच होते. छतात रंगीत काचा होत्या. भिंतींवर वेलबुट्टी होती. खांबांच्या माथ्यावर सोनेरी नक्षी होती.

पुढं बाजार दुसरीकडं गेला. जागेचं मोल वाढलं. इमारत वाचवा, असं पुष्कळांनी सांगितलं. पण उपयोग झाला नाही. १९७१-७२ साली ती पाडली.

रिचर्ड निकेल नावाचे एक फोटोग्राफर होते. पाडापाडी चालू असताना ते आत जात. फोटो काढत, नक्षीचे तुकडे सोडवून घेत. एप्रिल १९७२ मध्ये ते एकटेच आत गेले. वरचा भाग कोसळला आणि ते गाडले गेले. त्यांचं प्रेत काही आठवड्यांनी सापडलं. मंडळी, पडक्या इमारतीत एकट्यानं कधी जाऊ नये. कोणत्याही तुकड्यापेक्षा माणूस मोलाचा.

निकेल यांचे सोबती जॉन विन्सी यांनी काम पुढं नेलं. वाचवलेले तुकडे जोडले. जे नव्हते ते जुन्या नमुन्यावरून नवे केले. १९७७ साली शिकागोच्या कलासंग्रहालयात ते दालन पुन्हा उभं राहिलं. इमारतीच्या दाराची कमान संग्रहालयाबाहेर उभी आहे. तेरा मजल्यांतलं एवढंच एका जागी उरलं. बाकीचे काही तुकडे इकडंतिकडं गेले, पुष्कळसं मातीत गेलं.

यातून आपण काय घ्यावं? इमारत जागेवर राहिली तर सर्वांत उत्तम. पाडावीच लागली, तर आधी फोटो काढावा. मापं घ्यावी. तुळया, खांब, चौकटी यांवर नंबर घालावे. कोणता नंबर कुठला, ते वहीत लिहावं. लिहून ठेवलं नाही, तर कोरीव खांबसुद्धा नुसतं लाकूड होतो. आता आपल्याला लिहिता येतं. मग हे काम आपणच करू या!