मुक्तस्रोत संगणकप्रणालीची निवड

(विश्रामबाग, सांगली येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० या संगणकप्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ संपुष्टात आले. जुन्या संगणकांपैकी अनेकांवर विंडोज-११ रीतसर बसत नाही. यंत्र धडधाकट, परंतु त्यावरील प्रणाली निराधार, अशी ही अवस्था आहे. असे संगणक भंगारात काढावयाचे, की त्यांवर लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली बसवून आणखी काही वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती ठेवावयाचे, हा निर्णय आज आपल्यापुढे आहे. दुसरा मार्ग पत्करताच प्रश्न उभा राहतो : कोणती लिनक्स? कारण तिच्या आवृत्त्या शेकडो आहेत.

ही विविधता कशी निर्माण झाली, हे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला सहज उमजेल. खुंट एकच असला, तरी त्यावर निरनिराळ्या जातींचे कलम बांधता येते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये जो गाभा रचला, तो हा खुंट होय. तो कोणालाही वापरण्यास व बदलण्यास खुला असल्याने त्यावर अनेकांनी कलमे केली. १९९३ मध्ये डेबियन सुरू झाली. तिच्या आधारे २००४ मध्ये उबुंटू आणि उबुंटूच्या आधारे मिंट तयार झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय आवृत्तीही डेबियनच्याच कुळातील आहे.

निवड करताना नावीन्यापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट पाठबळाची मुदत. फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिनेच सुधारणा मिळतात. उलट, उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे पाठबळ असते. सेंटओएस-८ हिला २०२९ पर्यंत पाठबळ अपेक्षित होते. प्रत्यक्षात ते २०२१ च्या अखेरीस थांबले. म्हणून प्रणालीमागे कोण उभे आहे, हेही पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट यंत्राची कुवत. स्मृती कमी असल्यास एक्सएफसीई हा हलका पडदा असलेली मिंट किंवा डेबियन बरी. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन-१३ फार जुन्या, ३२ बिटांच्या संगणकांवर नव्याने बसविता येत नाही.

तिसरी गोष्ट मराठीची. युनिकोड मराठी व इनस्क्रिप्ट कळफलक या आवृत्त्यांत उपलब्ध आहेत. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधील ठराव व पत्रे तेथे जशीच्या तशी वाचता येतील असे समजू नये. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अडचणीच्या वेळी मिळणारा शेजार. एका शाळेत एक व पलीकडच्या शाळेत दुसरी आवृत्ती असेल, तर एका शिक्षकाचे शिक्षण दुसऱ्याच्या कामी येत नाही. केरळने राज्यातील शाळांसाठी एकच मुक्तस्रोत आवृत्ती ठरविली, त्यातच पाठ्यसामग्री घातली व शिक्षकांना तिचेच प्रशिक्षण दिले. तेथील यशाचे मर्म या एकसूत्रीपणात आहे. आपणही निदान एका केंद्रातील सर्व शाळांसाठी एकच आवृत्ती ठरवावी. येथे विश्रामबागेतच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट आहे. अशा तरुणांचे साहाय्य मागण्यास संकोच कशाला?

सरसकट बदलाचा आग्रह मात्र मी धरणार नाही. डिजिटल स्वाक्षरी, विशिष्ट छपाईयंत्र किंवा विंडोजवरच चालणारी आज्ञावली ज्या संगणकावर अवलंबून आहे, तो तूर्त वेगळा ठेवावा. इतरांवर पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहता येते. त्यासाठी मूळ संगणकातील काहीही पुसावे लागत नाही. छपाई, ध्वनी, इंटरनेट व मराठी टंकलेखन या चार गोष्टी तपासाव्यात, माहितीची प्रत काढून ठेवावी आणि मगच प्रणाली कायमची बसवावी.

प्रणाली विनामूल्य मिळते. तिची निगा मात्र विनासायास होत नाही. म्हणून निवड अशी करावी, की आज ती बसविणाऱ्या शिक्षकाची उद्या बदली झाली, तरी त्याच्या जागी येणाऱ्यास ती सांभाळता यावी.