चेन निसटली तेव्हा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील मनोगत)



मागच्या महिन्यात मी साताऱ्याजवळ एका स्पर्धेत उतरले. आधी ५ किलोमीटर पळायचं, मग २० किलोमीटर सायकल, परत अडीच किलोमीटर पळायचं. याला ड्युएथलॉन म्हणतात. पळणं जमलं. पण यवतेश्वरच्या घाटात गिअर चढाच्या आधी बदलायचा, तो मी ऐन चढावर, पेडलवर सगळा जोर असताना बदलला. चेन निसटली! मला बसवता येईना. नेहमी दुकानदारच बसवून द्यायचा ना! २० मिनिटं रस्त्याकडेला उभी, डोळ्यांत पाणी.

मागून एक काकू आल्या, थांबल्या. मागच्या चाकाजवळचा चेन ताणून धरणारा भाग पुढे ढकलला, की चेन सैल होते. ती दात्यांवर अडकवायची आणि पेडल हाताने फिरवायचं. दोन मिनिटांचं काम! मी शेवटून दुसरी आले. माझ्यामागे फक्त त्या काकू, माझ्यासाठी थांबल्या म्हणून.

तेव्हा गटाची वही आठवली. "मॅडम, तुम्हीच लिहा," तुम्ही म्हणता आणि मी लिहून देते. चूक माझीही आहे. उद्या माझी बदली झाली तर हप्ता, व्याज, शिल्लक कोण बघणार?

पुढच्या बैठकीपासून पेन तुमच्या हातात. मी शेजारी बसेन, त्या काकूंसारखी.