दुपारची झोप



आज मी झोपेविषयी चार शब्द बोलणार आहे. रात्रीच्या नव्हे, दुपारच्या झोपेविषयी. हसू नका.

दुपारी निजतो तो आळशी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण वैशाखातलं गाव बघा. बैल झाडाखाली रवंथ करतात. पारावर कुत्रं अंग टाकून देतं. आणि घराघरात माणसं आडवी होतात. यात आळस कसला? पहाटे चारला उठलेला जीव तो. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायची पाळी असली, तर निम्मी रात्र बांधावरच गेलेली असते. आणि भर उन्हात काम करून ऊन लागण्यापेक्षा सावलीत पडलेलं बरं.

कित्येकांना वाटतं, पोटभर भाकरी खाल्ली म्हणून झोप येते. जेवणानं सुस्ती वाढते, हे खरं. पण दुपारी न जेवलेल्या माणसाचेही डोळे जड होतात. आपल्या शरीरातच एक घड्याळ आहे. रात्री ते झोप आणतं, आणि दुपारीही थोडी ढील देतं. हे घड्याळ कसं चालतं, ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी शोध लावला कशावर? तर पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या चिमुकल्या माशीवर! झोपेची वेळ माशीलाही कळते.

मात्र ही झोप बेताची हवी. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्याहून जास्त निजलं की झोप गाढ लागते. मग मधेच उठलं की डोकं जड होतं, चिडचिड होते. रात्रीही लवकर डोळा लागत नाही. आपल्या आयुर्वेदानं दिवसा झोपायला उन्हाळ्यात मोकळीक दिली आहे, एरवी नाही. पण थकलेले, म्हातारे आणि लहान मुलं यांना तिथंही सूट आहे.

आता मुद्द्याचं बोलतो. आमच्या घरी दुपारी सगळे एकत्र निजत. सारवलेली गार जमीन, तिच्यावर एक लांबरुंद वाकळ. आजी भिंतीकडं, वडील दाराकडं, आम्ही पोरं मधे. एकाचा पाय दुसऱ्याच्या अंगावर. फार गोड झोप ती! आम्हा सगळ्यांनाच तिची आवड. पण आई कुठं निजायची? ते काही आठवत नाही. झोप लागेपर्यंत भांड्यांचा आवाज यायचा. जाग यायची, तेव्हा चुलीवर चहाचं आधण असायचं.

माणसांचा दिवस कसा जातो, याची सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची जात होती ९७ मिनिटं. आणि त्याला हात लावणारे पुरुषच मुळात थोडे! शेतातही ती आपल्याबरोबर राबते. मग सगळं घर निजलं, असं म्हणायचं कसं?

तेव्हा एक करून बघा. जेवणं झाली की लगेच लवंडू नका. एकानं ताटं उचलावी, दुसऱ्यानं भांडी घासावी, पोरांनी ती पुसावी. दहा मिनिटांत काम आटोपतं. मग सगळ्यांनी एकदमच पडावं. घरच्या सुनेलाही जागा ठेवा. सासऱ्यासमोर आडवं व्हायला तिला संकोच वाटत असेल, तर आतल्या खोलीत सासूनं तिला आपल्याजवळ घ्यावं.

तान्हं मूल मात्र दाटीत घेऊ नका. दमलेलं माणूस गाढ झोपतं. कूस बदलताना हात किंवा पांघरूण बाळाच्या तोंडावर येतं, त्याला श्वास घेता येत नाही. त्याला जवळच, पण वेगळ्या अंथरुणावर, उताणं निजवा.

मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावा. आणि चहाचं म्हणाल, तर ज्याला आधी जाग येईल त्यानं आधण ठेवावं.