परसातले सरबत

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला विषय मोठा असावा, अशी आपली समजूत असते. मी मात्र सरबताचा विषय घेतला आहे. तो लहान दिसला तरी आपल्या जिल्ह्यात त्याचा संबंध दारूच्या प्रश्नाशी येतो. म्हणून आपण तो मन लावून ऐकावा, अशी विनंती आहे.

दारूबंदीच्या कामात आपल्या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावातल्या भट्ट्या बंद केल्या. हिवरे बाजारने १९९० नंतर नशाबंदीबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही पत्करली. २००८ च्या शासकीय आदेशाने तर स्त्रियांच्या हाती मतपत्रिका दिली. नोंदलेल्या स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले, तर दारूचे दुकान बंद करता येते.

परंतु बाटली आडवी केली की काम निम्मेच होते. लग्नघरी, जत्रेला, सोयरे जमले असता त्यांच्यापुढे काय ठेवावयाचे? वैशाखाच्या दुपारी चहा तरी किती द्यावा? मग दुकानातल्या रंगीत पाण्याच्या बाटल्या येतात आणि घरचा पैसा बाहेर जातो. दारूच्या जागी आपल्या हातचा मानाचा पेला आला, तर ती जागा रिकामी राहत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. सरबत आणि दारू ही एकाच रसाची दोन लेकरे आहेत. पिकल्या फळाच्या सालीवर यीस्ट नावाची डोळ्यांना न दिसणारी बुरशी असते. गोड रस उन्हाळ्यात तसाच ठेवला की ती साखर खाते, वायू सोडते आणि रसात मद्यार्क तयार होतो. याला एक-दोन दिवस पुरतात. म्हणून रसावर तीन पहारे बसवावे : उकळी, साखर आणि स्वच्छता. उकळीने यीस्ट मरते. दाट पाकात नवे सहसा वाढत नाही. आणि बाटली उकळून कोरडी करून घ्यावी. जिला फेस आला किंवा जिचे झाकण फुगले, ती बाटली सरळ ओतून टाकावी. साखरेपायी हळहळू नये.

आपल्याकडचे खरे सरबताचे फळ म्हणजे करवंद. अकोल्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या बाजूस, चैत्र-वैशाखात जाळ्या काळ्याभोर होतात. कमी पाण्याच्या पारनेर-कर्जतकडेही बांधावर कुंपण म्हणून करवंदी लावता येते. काट्यांमुळे जनावर फिरकत नाही आणि फळही मिळते.

पिकलेली एक किलो करवंदे मिठाच्या पाण्यात धुवावी, म्हणजे चीक जातो. वाटीभर पाणी घालून मऊ होईतो शिजवावी आणि फडक्यातून गाळावी. भांडे स्टीलचे घ्यावे. बिनकल्हईच्या पितळेत आंबट रस कळकतो. रसाचे वजन करून त्याच्या दुप्पट साखर घालावी, विरघळवून एक उकळी आणावी, निवल्यावर दोन लिंबांचा रस पिळून बाटलीत भरावे. देताना पेल्यास दोन मोठे चमचे, माठाचे पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. जांभळाचेही असेच करावे.

ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांना वगळू नये. भांडी घासलेल्या पाण्यावर मोरीपाशी गवती चहाचे बेट चांगले वाढते. मात्र त्या पाण्यात राख किंवा साबण फार नसावा. गवती चहाची चार पाती, तुळशीची दहा पाने आणि आल्याचा तुकडा उकळून गाळावे, गार करावे आणि वर पुदिना व श्रीगोंद्याकडचे रसाळ लिंबू पिळावे. हे मात्र त्याच दिवशी संपवावे. साखरेचा पहारा नसल्याने ते टिकत नाही.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मोठी कामे परसातूनही उभी राहतात, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी गवती चहाचा एकेक ठोंब वाण द्यावा, आणि उन्हाळ्यात खाल्लेल्या करवंदांचे ताजे बी पावसाच्या तोंडी बांधावर टोचावे. पुढे आपल्या गल्लीत कोणाच्या घरी लग्न निघाले, तर प्रत्येकीने एक बाटली सरबत न्यावे. यजमानाचा खर्च वाचेल, आणि मांडवामागे दुसरी बाटली शोधीत जाणाऱ्याला हाक मारण्यास आपल्या हाती काही असेल.