पृथ्वी गोल, पण कशावरून?



मागे एक पालक माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मुलगा सातवीत. "पुस्तकात पृथ्वी गोल लिहिली आहे, पण कशावरून? आपला सडा तर सपाट आहे," असे तो घरी विचारतो. "सर, त्याला जरा समज द्या." मी समज दिली नाही. का, ते सांगतो.

भोपाळ संस्थानातील सीहोर येथे १८३० च्या दशकात सुबाजी बापू नावाचे मराठी पंडित होते. भोवतालच्या लोकांची पृथ्वी पुराणातली : सपाट, मध्ये मेरू पर्वत, सभोवार समुद्र. तेथील इंग्रज अधिकारी लान्सलट विल्किन्सन यांची रीत अशी की, विलायती पुस्तकापेक्षा घरचाच ग्रंथ पुढे ठेवावा. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वी गोल आहे. मग सपाट का दिसते? परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि माणूस तर फारच लहान, असे उत्तरही तेथेच आहे. पण भास्कराचार्यांची पृथ्वी स्थिर. सुबाजी बापू तेथे थांबले नाहीत. १८३६ साली त्यांचा सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा मराठी ग्रंथ निघाला. त्यात पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस यांची मते त्यांनी शेजारी ठेवून तोलली. त्या काळच्या पंडिताला हे सोपे गेले असेल, असे मला वाटत नाही.

त्याच्याही आठशे वर्षे आधी अल्-बिरूनी यांनी पंजाबात नंदना येथे डोंगराची उंची मोजली. मग माथ्यावरून क्षितिज नजरेच्या पातळीपेक्षा किती खाली दिसते, तो कोन मोजला. एवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली!

आपल्याकडे तर बोटीवर नोकरी केलेली माणसे घरोघर आहेत. त्यांना विचारा, लांबून येणाऱ्या जहाजाचे आधी काय दिसते? किनाऱ्यावर उभ्या माणसाचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असते, १०० मीटर उंचीवरून ते ३६ किलोमीटरवर जाते.

त्या पालकांना म्हटले, मुलाला एस.टी.ने गुहागरला न्या, संध्याकाळी होड्या बघा. बापलेक गेले. सोमवारी मुलगा पुन्हा दारात : "सर, गोल आहे तर खालच्या बाजूचे पाणी सांडत कसे नाही?" मागे वडील उभे. म्हणाले, "सर, हे मलाही कळले नाही."

याचेही उत्तर भास्कराचार्यांच्या त्याच ग्रंथात आहे. पण मी अजून सांगितलेले नाही. दोघांना आठ दिवस दिले आहेत.