वाद्यवृंदातला तबला



विलायती संगीतावर बोलायला ही सातवी शिकलेली बाई कोण, असे तुमच्या मनात येईलच. पण ‘ते आपले नव्हे’ हे म्हणणे मला पटत नाही. मुंबईला एन.सी.पी.ए.चा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद २००६ सालापासून आहे. त्याच्यासाठी उस्ताद झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ ही रचना केली. २०१५ साली ती प्रथम वाजली. २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात तिच्या जोडीला रिम्स्की-कोर्साकोव्हची १८८८ सालची ‘शेहेराझाद’ होती. शेहेराझाद म्हणजे रोज गोष्ट सांगून जीव वाचवणारी ती अरबी कथांतली राणी. एकटे व्हायोलिन हा तिचा आवाज, जड पितळी वाद्ये हा सुलतानाचा. हे कळायला का शाळा लागते?

आणि पेशकार तर आपलाच शब्द. एकल तबला त्यानेच सुरू होतो. व्हायोलिनवाले समोरचा कागद बघून वाजवतात, तबलजी मनाने विस्तार करतो. मेळ बसायचा तो एकमेकांकडे कान देऊनच. कुणी याला खिचडी म्हणतात. म्हणोत बापडे! खिचडी जमायलाही हात लागतो.

झाकीरभाई २०२४ च्या डिसेंबरात गेले. वाद्यवृंद मात्र आहे. वर्गणी काढून आपण भजनाची पेटी घेतली, तशी एकदा तिकिटे काढू या. रात्रीचा स्वयंपाक दुपारीच उरकता येतो.